रेडिओच्या जागी

“नाही जमणार,” असं मीटरवाले म्हणाले असावेत. मान तरी तशी हलली. तोंडात स्क्रूड्रायव्हर धरून माणूस बोलायला लागला की माझी पंचाईत होते. मी सरळ हात पुढे केला, स्क्रूड्रायव्हर त्यांच्या दातांतून काढून घेतला आणि टेबलावर ठेवला.

“मला ऐकू येत नाही. ओठ बघून कळतं. आता म्हणा काय ते.”

ते दचकले. मग माझ्याकडे नीट तोंड करून, एकेक शब्द सोडवत म्हणाले, “भोकं नाही पाडणार म्हटलं. एवढ्या जुन्या गाडीचा डॅशबोर्ड, आणि एक ओरखडा नाही त्याच्यावर. कोणी जपलाय इतका?”

“मीच.”

“मग आता का उठलात त्याच्या जिवावर?”

त्यांच्या मागच्या भिंतीवर वेगवेगळ्या गाड्यांचे मीटर खिळ्यांना टांगलेले होते. सगळ्यांचे काटे शून्यावर. त्यांच्याकडे पोरं येतात, जास्तीचे निळे-जांभळे मीटर लावून घेतात आणि गाडीचं विमान करून नेतात, हे मला ठाऊक होतं. मीही त्याच हौसेने आले असेन असं त्यांना वाटलं असणार, या वयात.

“शोभेला नकोत मला,” मी म्हटलं. “मला इंजिन ऐकायचंय.”

आता हे कोड्यासारखं वाटेल, म्हणून आधी माझं सांगते. मी आयुष्यभर गाडी शिकवली. छपरावर पाटी, शेजारच्या सीटसमोर जादाचा क्लच आणि ब्रेक, आणि त्या सीटवर मी. अर्ध्या शहराला मी रस्त्यावर आणलं. उरलेल्या अर्ध्याला कोणी आणलं ते त्यांच्या चालवण्यावरून दिसतंच आहे. माझ्या माघारी मला हाफक्लचबाई म्हणत, कारण माझा सगळा जीव त्या हाफ क्लचवर. क्लच हळूहळू वर येत असतो, आणि मध्येच एका जागी इंजिनाचा आवाज जड होतो. बादली उचलताना आपला श्वास होतो तसा. तिथे पाय थांबवायचा. पायाकडे बघू नका, आवाजाकडे लक्ष द्या, असं मी घसा बसेपर्यंत सांगत आले.

आणि माझेच कान गेले. एकदम नाही गेले. जागा सोडणाऱ्या भाडेकरूसारखे एकेक वस्तू हलवत गेले. आधी पाखरं, मग फोनची घंटी, मग सूनबाईचं पुटपुटणं. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. शेवटी इंजिन गेलं, त्याचं वाटलं. शिकवणं मी स्वतःहून बंद केलं, कारण तिथे दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न. पाटी उतरवली. पण चालवणं सोडायचं माझ्या मनातही आलं नाही. कानाच्या डॉक्टरांनीसुद्धा चालवू नका असं म्हटलं नव्हतं. आरसे मोठे बसवा, डोळे उघडे ठेवा, एवढंच म्हणाले. कानात घालायचं यंत्रही त्यांनी दिलं. ते मी घरात लोकांच्या समाधानासाठी घालते. गाडीत घातलं तर वारा, चाकं, इंजिन आणि माझीच बांगडी, सगळं मिळून एकच कल्ला होतो.

मग ती सकाळ उजाडली. मी किल्ली फिरवली, इंजिन चालू झालं, आणि मला ते कळलंच नाही. बसल्या बसल्या जी थरथर लागते तीही त्या दिवशी जाणवली नाही. म्हणून मी पुन्हा किल्ली फिरवली. चालू इंजिनाला स्टार्टर मारला की आतली दातेरी चाकं एकमेकांवर घासतात. तो आवाज ऐकून नवशिक्याही कळवळतो. आमचा वॉचमन दोन्ही हात हलवत धावत आला. मला वाटलं गाडी मागे घ्यायला मदत करतोय, म्हणून मीही हात हलवला आणि तिसऱ्यांदा किल्ली फिरवली. वर बघते तर गॅलऱ्यांमधून सगळी बिल्डिंग कानांवर हात ठेवून उभी, आणि त्यात आमचे चिरंजीव. त्याने मात्र हात कानांवर नाही, तोंडावर ठेवला होता.

त्या रात्री जेवताना तो ताटात बघून काहीतरी बोलला. सूनबाईने त्याच्या ताटाच्या कडेवर चमचा आपटला. “वर बघून बोल. आईंना दिसू दे.”

त्याने मान वर केली. “गाडी विकू या म्हणतोय. रविवारी दुपारी एक जण बघायला येतोय.”

“कोणाची गाडी?”

“तुझीच गं. पण आता चालवणार कशी तू? सकाळी सगळे कानांवर हात ठेवून उभे होते.”

“त्यांना कान आहेत, ठेवणारच.”

“आई, थट्टा नको. तुला कुठे जायचं असतं ते सांग. बाजार, दवाखाना, मावशीकडे, कुठेही. मी सोडतो ना.”

“मला कुठेच जायचं नसतं. मला चालवायचं असतं.”

त्याला ते कळलं नाही. कसं कळणार? त्याला गाडी म्हणजे इथून तिथे जायची सोय. तो पोटात असतानासुद्धा मी शेजारच्या सीटवर बसून लोकांना गिअर टाकायला शिकवत होते, आणि त्याचे वडील गेल्यावर दिवस-कार्य आटोपून मी पहिली कुठे बसले असेन तर त्या गाडीत. मला मनस्वी राग आला. पण त्याच्या तोंडाकडे पाहिलं तर पोरगा घाबरलेला होता. ताप आला की लहानपणी व्हायचा तसा चेहरा झाला होता त्याचा, आणि मला धड रागावताही येईना.

“तुला काही झालं तर आम्ही काय करायचं?” तो म्हणाला.

“बरं, ऐक. रविवारी तुझा तो माणूस यायच्या आधी मी तुला एक फेरी मारून आणते. तू माझ्या शिकवायच्या सीटवर बस. क्लच, ब्रेक, दोन्ही तुझ्या पायाखाली. एकदा जरी तुला ते दाबावे लागले, तर घरी येऊन किल्ली तुझ्या हातात देईन. पुन्हा त्या गाडीचं नाव काढणार नाही.”

“आणि नाही दाबावे लागले तर?”

“तर तू नाव काढायचं नाहीस.”

“कुठली फेरी?”

“टाकीचा चढ.”

सूनबाईच्या हातातला चमचा तसाच राहिला. पाण्याच्या टाकीकडे जाणारा तो चढ म्हणजे माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याची शेवटची परीक्षा. ऐन मध्यावर गाडी थांबवायची आणि इंचभरही मागे न जाता पुन्हा सोडायची. सूनबाई माझ्याकडेच गाडी शिकली, आणि त्या चढावर मागच्या दिव्याच्या खांबाला जाऊन टेकली होती.

“आई, चढ नको हो,” ती म्हणाली. “मोठा रस्ता घ्या हवं तर. बाजाराची गर्दी घ्या.”

“चढच.”

बोलायला बोलून बसले, पण मनातून मी चरकले होते. सरळ रस्त्यावर डोळे पुरतात. चढावर सगळा कारभार कानांचा. हँडब्रेक कधी सोडायचा ते इंजिनाचा जड झालेला आवाज सांगतो, आणि माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर वेगाचा आणि पेट्रोलचा काटा सोडला तर दिव्यांशिवाय काही नाही. म्हणून दुसऱ्याच दिवशी मी मीटरवाल्यांच्या दातांतून स्क्रूड्रायव्हर काढत होते.

हे सगळं सांगितलं तेव्हा ते स्टूल ओढून बसले.

“आरपीएमचा काटा इंजिनाचे फेरे दाखवतो,” मी म्हटलं. “म्हणजे इंजिन चालू की बंद ते मला दिसेल. आणि क्लच लागायला लागला की इंजिनावर भार पडतो, फेरे उतरतात, काटा कलणार. कानाला जे कळायचं ते डोळ्याला कळेल. बरोबर की नाही?”

“बरोबर. पण किंचित कलेल हां. अगदी किंचित.”

“किंचितच बघायचंय मला. पुरा कलला तर गाडी बंद पडते.”

ते हसले. “नुसता तो नका घेऊ मग. तेलाच्या दाबाचा घ्या, पाणी किती तापलंय त्याचाही घ्या. इंजिन खडखडायला लागलं तर आम्ही ऐकून थांबतो, तुम्ही तशाच जाल. तीन लावू. पण डॅशबोर्डला भोक मी पाडणार नाही.”

“रेडिओ काढा.”

त्यांनी गाडीत वाकून बटण दाबलं. रेडिओचा छोटा दिवा लागला. “चालतोय की हा.”

“तुमच्यासाठी चालतोय.”

त्यांनी बटण बंद केलं. त्या रेडिओचा आमच्याकडे एक नियम होता. शिकणारा गाडीत असेपर्यंत रेडिओ बंद, कारण इंजिन ऐकायचं असतं. शेवटच्या विद्यार्थ्याला सोडलं की मी शाळेच्या फाटकाशी जाई. चिरंजीव दप्तर मागे फेकत, बूट काढून सीटवर मांडी घालत आणि हात लांब करून रेडिओ लावत. मग घरापर्यंत गाणी, आणि त्याचं बेसूर ओरडणं. हे मी मीटरवाल्यांना सांगितलं नाही. त्यांना काय करायचं होतं त्याच्याशी.

त्यांनी रेडिओ बाहेर ओढला. मागे वायरींचा गुंता आणि कधीकाळी हरवलेली एक शाळेची पेन्सिल निघाली. ती मी पर्समध्ये टाकली. रेडिओच्या खाचेवर बसेल असा त्यांनी पत्रा कापला, कडा घासल्या, काळा रंग दिला. मला सीटवर बसवून तो पत्रा धरला आणि माझी नजर कुठे पडते ते बघत माझ्या बाजूला जरासा तिरपा केला. मीटर आत बसवायला घेतले तेव्हा मात्र आमचं वाजलं.

“असे नकोत,” मी म्हटलं. “फिरवून बसवा. इंजिन ठीक असेल तेव्हा तेलाचा काटा सरळ वर पाहिजे. पाण्याचाही सरळ वर. आणि चढावर क्लच सोडताना जेवढे फेरे लागतात, तेवढ्यावर तिसरा सरळ वर. आकडे वाचायला वेळ कुठून आणू मी? एक नजर टाकली की कळलं पाहिजे.”

“अहो, मग आकडे वाकडे दिसतील. शून्य भलतीकडेच येईल. लोक म्हणतील मीटरवाल्याला सरळ बसवता येत नाही.”

“लोकांना गाडीत घेतंय कोण? आकडे वाकडे चालतील. काटे ताठ पाहिजेत.”

मग तिन्ही मीटर त्यांनी आपल्या हाताने फिरवले, इंजिन चालू करून, तापवून, पुन्हा पुन्हा तपासून. निघताना रेडिओ फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला.

“ठेवा. लागला कधी तर.”

“नाही लागणार,” मी म्हटलं, आणि घेतला.

रविवारपर्यंत रोज मी टाकीमागच्या मोकळ्या मैदानात जात होते. पहिल्या दिवशी गाडी बंदच पडत राहिली. काट्याकडे बघावं तर पाय पुढे जाई, पायाकडे लक्ष द्यावं तर काटा कधीच कललेला. माझी एखादी विद्यार्थिनी इतका गोंधळ घालती तर मी तिला चार शब्द ऐकवले असते. ते मी मलाच ऐकवले, मोठ्याने, कारण मैदानात कोणी नव्हतं आणि मला ऐकू येणार नव्हतं. सगळं नव्याने शिकायचं म्हणजे आधीचं विसरायचं. माझा कान अजून तो जड आवाज यायची वाट बघत होता. त्याला मी सांगत होते, बाबा, तू आता बस.

रविवारी सकाळी चिरंजीव शेजारी बसले. पट्टा आवळला, दोन्ही पाय जादाच्या पेडलांवर ठेवले आणि पत्र्याकडे पाहिलं. “हे काय? रेडिओ कुठे गेला?”

“घरी आहे. आता बोलू नकोस. मला तुझ्याकडे बघता येणार नाही.”

मी किल्ली फिरवली. फेऱ्यांचा काटा उडाला आणि स्थिर झाला. मी किल्लीवरचा हात काढला. वरच्या गॅलरीत सूनबाई उभी होती. तिने कानांवर हात ठेवले नव्हते.

आमच्या गाडीची जादाची पेडलं आतून माझ्या पेडलांना दांड्याने जोडलेली आहेत. एकीकडे दाबलं की दुसरीकडे दबतं. नुसता पाय टेकवला तरी पलीकडे वजन लागतं. मी त्या बाजूला बसायची, तेव्हा शिकणाऱ्याचा पाय कापतोय का ते मला तळव्यात कळायचं. आता त्याचा पाय मला कळत होता. ब्रेकवर त्याचा बूट सगळा वेळ टेकलेला, दाबलेला नाही पण टेकलेला. मी काही म्हटलं नाही. टेकवायचा नाही असं ठरलं नव्हतं.

बाजार ओलांडून चौकात आलो आणि तेलाचा काटा धपकन आडवा झाला. मी आरशात पाहिलं, हात दाखवला आणि गाडी कडेला घेऊन बंद केली. मग त्याच्याकडे वळले.

“काय झालं?” तो म्हणाला.

“तेलाचा दाब गेला. बॉनेट उघड.”

तो उतरला. मीही गेले. तेलाचा लाल दिवा लागला नव्हता, त्यामुळे मला शंका आलीच होती. मीटरकडे जाणारी वायर खालून निसटून लोंबत होती. इंजिनाला काहीही झालेलं नव्हतं. त्याने ती वायर मला दाखवली आणि मोठ्ठं तोंड करून म्हणाला, “बघ! असल्या खेळण्यांच्या भरवशावर तू गाडी चालवणार?”

“काटा खोटं बोलला हे खरं. पण मी थांबले की नाही? थांबून मग विचारलं. तू असतास तर आधी घरी पोचला असतास आणि मग इंजिनाला शिव्या घातल्या असत्यास. पेडल दाबलंस का तू?”

“नाही.”

“मग ती वायर बसव.”

तो वाकला. हात काळे करून घेत वायर खोचली, ओढून पाहिली, पुन्हा खोचली. रुमाल शोधला, मिळाला नाही, पँटला हात पुसले. या सगळ्यात त्याची भीती गेली नव्हती, पण तिला जरा काम मिळालं होतं.

टाकीचा चढ सुरू झाला तेव्हा मागे एक पाण्याचा टँकर लागला. आरसा सगळा त्याच्या नाकाने भरला. मध्यावर, जिथे मी सगळ्यांना थांबवायची, त्याच खांबासमोर मी गाडी थांबवली आणि हँडब्रेक ओढला. टँकरवाला हॉर्न वाजवत असणार. आरशात त्याचा हात बाहेर येऊन नाचत होता. नाच म्हटलं.

पहिला गिअर. अ‍ॅक्सिलरेटर दिला, काटा सरळ वर आला. क्लच सोडायला घेतला, आणि लागलंच मला. पेडल जड होतं. त्याचा पाय आता क्लचवर होता. तो दाबत नव्हता, पण माझ्या पायाबरोबर वर येताना सगळी भीती त्यात उतरून बसली होती. मी सोडावा तर त्याचं वजन धरून ठेवत होतं. काटा हलेना. मला नीट कळत होतं की त्याने अजून थोडा जोर दिला तर पैज संपली, आणि दुपारी कोणीतरी परका माणूस येऊन माझ्या सीटवर बसून आरसे फिरवून बघेल.

त्याच्याकडे वळून बघायचा मोह मी आवरला. पाय काढ, असं म्हणता आलं असतं मला. सबंध आयुष्य मी तेच हुकूम सोडत आले. पण शिकणाऱ्याला मी कधी सांगितलं नव्हतं की आता मी पाय काढतेय. न सांगता काढायची. त्याचं त्याला कळायचं, आणि माझ्याकडे न बघता तो जरा ताठ बसायचा. मी काट्यावर नजर ठेवून तशीच थांबले. आरशात टँकरवाल्याचा हात अजून नाचत होता.

मग पेडल हलकं झालं. हळूच, भरलेली पिशवी कोणी आपल्या हातातून घ्यावी तसं. इतक्या लोकांच्या पायाखालून मी माझा पाय काढला होता, पण ते दुसऱ्या बाजूला कसं लागतं ते मला कधीच कळलं नव्हतं. रडायला वेळ नव्हता. क्लच वर आला, काटा किंचित, अगदी किंचित डावीकडे कलला, आणि मी हँडब्रेक सोडला.

गाडी मागे गेली नाही. इंचभरही नाही. सरळ वर चढली.

टाकीला वळसा घालून सपाटीवर आलो तेव्हा मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, त्याने बूट काढले होते आणि सीटवर मांडी घातली होती. एवढा मोठा बाप्या, गुडघे दाराला लागत होते त्याचे. जादाची पेडलं खाली मोकळी पडली होती. काहीतरी बोललाही असेल. मी पुढे बघत होते.

मग त्याचा हात लांब झाला, जुन्या सवयीने, रेडिओच्या बटणाकडे. पत्र्यापाशी येऊन थांबला. तेलाच्या काट्याच्या काचेवर त्याच्याच बोटांचा काळा डाग पडला होता, मघाशी वायर बसवून परत बसताना लागलेला. तो त्याने सदऱ्याच्या बाहीने पुसला, काच स्वच्छ झाली का ते वाकून पाहिलं, आणि हात मागे घेतला.